मूळ फाइल कोणी मागितलीच नाही: दृष्टी जात असलेल्या विद्यार्थिनीचं संख्याशास्त्राचं एक सत्र

कागदोपत्री पाहिलं तर या विद्यार्थिनीला काहीच कमी नव्हतं. विद्यापीठाच्या दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्षात तिची नोंद होती, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेलं होतं, परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ मंजूर होता, लॅपटॉपवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, होता आणि ग्रंथालय पुस्तकं स्कॅन करून देत होतं. तरीही दुसऱ्या वर्षाचं सत्र निम्म्यावर आलं तेव्हा ती वर्गाच्या तीन युनिट मागे होती आणि विभागातून तिला विषय बदलण्याचा सल्ला मिळाला होता.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा विद्यार्थ्यांच्या वाट्याला ठिकठिकाणी जे येतं, ते इथे एका विद्यार्थिनीच्या एका सत्रात गुंफलं आहे. म्हणून नाव-गाव, विद्यापीठ यांचा उल्लेख नाही. मला यातून एकच गोष्ट दाखवायची आहे. तिला मिळालेली जवळजवळ प्रत्येक सोय कामाच्या शेवटच्या टोकाला जोडलेली होती, आणि अडचण तयार होत होती ती पहिल्या टोकाला, जिथे शिक्षक नोट्स लिहितात तिथे.

ती कशी वाचते, हे फॉर्ममध्ये नव्हतं

तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. डोळ्यांच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू निकामी होत जाणारा हा आनुवंशिक आजार. सहसा आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचं दिसणं कमी होतं आणि नळीतून पाहावं तसा समोरचा एक तुकडाच उरतो. पुढे अनेकांचा तो तुकडाही धूसर होत जातो. शाळेत ती मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचायची. पहिल्या वर्षाला अक्षरं पडद्यावर मोठी करून भागलं. दुसरं वर्ष सुरू होण्याआधीच्या सुट्टीत ती पूर्णपणे कानाने वाचायला लागली.

ज्यांना जन्मापासून दिसत नाही त्यांच्यापेक्षा ही परिस्थिती वेगळी असते. ती ब्रेल लहानपणी शिकली नव्हती, त्यामुळे विसाव्या वर्षी बोटांनी गणित वाचण्याचा वेग येणं कठीण होतं. स्क्रीन रीडरही नवा होता. मुरलेले वापरकर्ते शेजारच्याला कळणारही नाही इतक्या वेगात ऐकतात. तिला तो वेग अजून झेपत नव्हता. उलट, सूत्र कसं दिसतं हे तिला नीट आठवत होतं. बेरजेचं चिन्ह सिग्मा, अपूर्णांकाची रेघ, अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ म्हणजे बार, हे सगळं तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ही मोठी जमेची बाजू होती, पण कोणी विचारलंच नाही म्हणून ती कुणाला कळलीही नाही.

सहाय्य कक्षाच्या फॉर्ममध्ये रकाने होते ते अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, लेखनिक हवा की नको, जादा वेळ हवा की नको असे. टक्केवारी प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी लागते, ते समजू शकतं. पण सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं, हे टक्केवारीतून कळत नाही. तू मजकूर कुठल्या स्वरूपात वाचतेस, कीबोर्डवर न बघता टाइप करता येतं का, गणिताची सूत्रं आत्ता कशी वाचतेस, सहा महिन्यांपूर्वी कशी वाचायचीस: हे चार प्रश्न विचारले असते तर पुढचं बरंच काही टळलं असतं असं मला वाटतं. त्यातला शेवटचा प्रश्न तर दृष्टी उतरत जाणाऱ्या प्रत्येकाला दर सत्राला नव्याने विचारायला हवा. पहिल्या वर्षाची सोय तशीच दुसऱ्या वर्षाला पुढे ढकलली गेली होती, आणि ती वाचणारी व्यक्ती दरम्यान बदललेली होती.

एका सूत्राचा प्रवास

संख्याशास्त्राचे सर वर्गात छापील नोट्स वाटायचे. वर्गप्रतिनिधी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून एक पीडीएफ करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. ती पीडीएफ तिच्या लॅपटॉपवर उघडली की स्क्रीन रीडर गप्प. पानावर अक्षरं नव्हतीच, अक्षरांचं चित्र होतं. मग ती पीडीएफ सहाय्य कक्षाला पाठवायची. तिथला कर्मचारी ती ओसीआरमधून काढायचा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यायचा, मग शुद्धलेखन तपासून वर्डची फाइल परत पाठवायचा. तो माणूस मनापासून काम करणारा होता. इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या मुलांना त्याच्या फाइली नीट उपयोगी पडत. संख्याशास्त्राच्या फाइली मात्र कामाच्या ढिगामुळे तीन-तीन आठवडे उशिरा यायच्या, आणि आल्यावर त्यात काय असायचं ते जरा जवळून बघू.

नमुन्याच्या व्हेरियन्सचं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजण्याचं, सूत्र घ्या. प्रत्येक निरीक्षणातून सरासरी वजा करायची, फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि तिला एन (निरीक्षणांची संख्या) वजा एकने भागायचं. छापील पानावर हे एका ओळीत, सुटसुटीत दिसतं. ओसीआरमधून गेल्यावर सिग्माचा झाला इंग्रजी ई. सरासरी दाखवणारा एक्सच्या डोक्यावरचा बार पुसला गेला, उरला नुसता एक्स. वर्गाचा वर चढवलेला दोन खाली उतरून साधा दोन झाला. अपूर्णांकाची रेघ गेली, छेद पुढच्या ओळीत जाऊन पडला. तिच्या स्क्रीन रीडरवर विरामचिन्हांची पातळी नेहमीच्या सेटिंगवर होती, त्यामुळे कंस आणि वजाबाकीची आडवी रेघ उच्चारलीच गेली नाही. तिने ऐकलं ते असं: "एस दोन बरोबर ई एक्स आय एक्स दोन एन एक."

या ओळीवरून मूळ सूत्र कोणालाही उभं करता येणार नाही. तिने केलं, कारण व्हेरियन्स तिने पहिल्या वर्षाला डोळ्यांनी वाचला होता. पुढच्या युनिटमधली सूत्रं नवी होती. तिथे आधार उरला नाही. कर्मचाऱ्याला संख्याशास्त्र येत नव्हतं, त्यामुळे सूत्र मोडलंय हे त्यालाही दिसत नव्हतं. मजकुरात शब्द बरोबर होते, त्याच्या लेखी फाइल तयार होती. कक्षाच्या नोंदवहीत "साहित्य उपलब्ध करून दिले" अशी नोंद पडत गेली, आणि त्या नोंदीत काही खोटं नव्हतं.

उशिराचाही विचार करायला हवा. गणिती विषयात तिसऱ्या युनिटशिवाय चौथं कळत नाही. तीन आठवड्यांनी आलेली फाइल बरोबर असती तरी तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि विद्यार्थिनी मागचं वाचता वाचता चालू तासाला नुसती बसून राहते. सोय कधी मिळाली, हा सोयीचाच भाग आहे. इतरांच्या हातात नोट्स पडतील त्याच दिवशी तिच्याही पडायला हव्यात.

निरोप्याचं काम

या काळात तिचा दिवस कसा जात होता हे पाहिलं तर थकवा कशाचा होता ते कळतं. वर्गप्रतिनिधीकडे पीडीएफ मागायची, कक्षाला पाठवायची, चार दिवसांनी आठवण करायची, फाइल आली की कुठे बिघडलंय ते शोधायचं, वर्गमैत्रिणीकडून ती सूत्रं फोनवर वाचून घ्यायची, सरांना भेटायला वेळ मागायची, परीक्षा विभागाला लेखनिकाचा अर्ज द्यायचा, त्यावर विभागप्रमुखांची सही आणायची. चार कार्यालयं आपापलं काम नेमानं करत होती. त्यांच्यात निरोप पोहोचवायचं काम मात्र सर्वांत कमी वेळ असलेल्या माणसावर पडलं होतं. अभ्यासाचे तास यातच जात होते, आणि हे कुठल्याच रकान्यात दिसत नव्हतं.

तिमाही चाचणीत गुण घसरले तेव्हा विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. हेतू वाईट नव्हता. "तुला त्रास होऊ नये म्हणून सांगतोय," ते म्हणाले, "भाषेचा एखादा विषय घेतलास तर सोपं जाईल." ती म्हणाली, "सर, मला विषय अवघड जात नाहीये. मला विषय वाचायलाच मिळत नाहीये."

हा सल्ला जुना आहे. जन्मांध असलेले अमेरिकन गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनाही गणिताऐवजी मानसशास्त्र घ्यायला सांगितलं गेलं होतं. त्यांनी मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेतलीही, आणि मग पुन्हा गणिताकडे वळले, विद्यापीठात गणित शिकवलं. गणितासाठी पुरेशी ब्रेल चिन्हं नव्हती म्हणून स्वतः तयार केली. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ती पद्धत नेमेथ कोड म्हणून आजही वापरात आहे. सूत्र मोठ्याने वाचून दाखवताना ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून बोलण्याचे ठरावीक नियमही त्यांनी बांधले. या दुसऱ्या कामाचा आपल्या प्रकरणात पुढे उपयोग झाला.

विषय बदलण्याचा सल्ला देण्याआधी विद्यापीठाने एक गोष्ट तपासायला हवी होती. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये उच्च शिक्षणही येतं, आणि कलम २ प्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो. वाजवी म्हणजे देणाऱ्यावर अवाजवी बोजा न टाकणारी. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा असो की भारताचा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, वाजवी सोयीची ही कल्पना दोन्हींत आहे. तेव्हा प्रश्न असा होता: तिला सूत्रं वाचता यावीत यासाठी विद्यापीठावर नेमका किती बोजा पडणार होता?

बैठकीतला प्रश्न

याचं उत्तर एका बैठकीत मिळालं. ती बैठक सल्ल्यानंतर तिनेच लेखी मागितली होती. सर, विभागप्रमुख, कक्षाचे समन्वयक, परीक्षा विभागाचे एक अधिकारी आणि ग्रंथालयाच्या संगणक विभागातल्या एक मॅडम असे सगळे पहिल्यांदाच एका खोलीत आले. बराच वेळ चर्चा चांगला स्कॅनर घ्यावा का, कक्षाला आणखी एक माणूस मिळेल का, याचीच चालली होती. मग ग्रंथालयाच्या मॅडमनी विचारलं, "सर, या नोट्स तुम्ही टाइप कशात करता?"

"लेटेकमध्ये. का?"

"म्हणजे मूळ फाइल तुमच्याकडे असेल?"

"असणारच. पण ती कशाला? प्रिंट देतो की सगळ्यांना."

लेटेकची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. त्यात अपूर्णांक, घात, बार, बेरजेचं चिन्ह हे सगळं शब्दांत, आज्ञांच्या रूपात लिहिलेलं असतं. छापताना त्याची सूत्रं होतात. ओसीआरने जे मोडत होतं ते सगळं त्या फाइलीत शाबूत होतं. सर ती फाइल छापत होते, छापील पानाचा फोटो निघत होता, फोटोवरून अक्षरं ओळखली जात होती आणि तीन आठवड्यांनी मोडकी सूत्रं तिच्यापर्यंत पोहोचत होती. मूळ फाइल हा सगळा वेळ सरांच्या संगणकावर होती. ती कोणी मागितली नव्हती. तिने मागितली नाही कारण अशी फाइल असते हे तिला माहीत नव्हतं. कक्षाने मागितली नाही कारण "साहित्य विद्यार्थ्याने आणून द्यायचं" असा शिरस्ता होता.

मॅडमनी फाइल पॅनडॉक या मोफत प्रोग्रॅममधून काढली आणि वेबपान तयार केलं, सूत्रं मॅथएमएलमध्ये. मॅथएमएल ही वेबवर गणित लिहिण्याची प्रमाण पद्धत १९९८ पासून आहे. तिचा स्क्रीन रीडर एनव्हीडीए होता; ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी घडवलेला हा प्रोग्रॅमही मोफत मिळतो. त्याला मॅथकॅट नावाची जोड दिली की सूत्र नीट उच्चारलं जातं: अपूर्णांक कुठे सुरू झाला, कुठे संपला, वर्ग कशाचा आहे, सगळं. शिवाय बाणाच्या कळा दाबून सूत्राच्या आत शिरता येतं. आधी फक्त अंश ऐकायचा, मग छेद, पुन्हा अंशातला कंस. तिने त्याच खोलीत व्हेरियन्सचं सूत्र ऐकलं आणि लगेच पुढच्या, अजून न वाचलेल्या युनिटचं पान उघडून मागितलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सरांनी स्वतःच्या सोयीसाठी लेटेकमध्ये काही छोट्या आज्ञा बनवल्या होत्या, त्यातल्या काही पॅनडॉकला कळेनात. त्या उलगडून लिहाव्या लागल्या. सरांची आणखी एक काळजी होती, आणि ती खरी होती. टक्क्याचं चिन्ह टाकून लपवलेल्या ओळींमध्ये त्यांनी उदाहरणांची उत्तरं आणि परीक्षेला विचारायचे संभाव्य प्रश्न लिहून ठेवले होते. छापल्यावर त्या दिसत नाहीत, मूळ फाइल उघडली की दिसतात. म्हणून मूळ फाइल तिला न देता सर ती फक्त मॅडमना द्यायचे आणि तिला तयार वेबपान मिळायचं. ही अडचण अनेक शिक्षक बोलून दाखवत नाहीत, नुसतं "फाइल देता येणार नाही" म्हणतात. विचारलं तर अशी वाट निघते.

दोन युनिटच्या नोट्स हस्तलिखित होत्या. त्या टाइप करायला विभागातल्याच एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला मानधनावर नेमलं. त्याला विषय येत असल्यामुळे अक्षराच्या डोक्यावरची बार आणि टोपी ही चिन्हं, यांतला फरक समजावून सांगावा लागला नाही. पाठ्यपुस्तकाचं काम ग्रंथालयाने हाती घेतलं. २०१३ च्या माराकेश करारामुळे, तो लागू असलेल्या देशांत, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी मान्यताप्राप्त संस्थांना पुस्तकाची सुगम प्रत प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करता येते आणि दुसऱ्या देशातल्या अशा संस्थेकडून मागवताही येते. त्या पुस्तकाची प्रत दुसरीकडे आधीच झालेली होती. महिनाभर चाललेलं स्कॅनिंग थांबवलं गेलं.

आलेख आणि प्रात्यक्षिक

सूत्रांपेक्षा आलेखांचा प्रश्न अवघड आहे, आणि त्यावर एकच उपाय पुरत नाही. नॉर्मल कर्व्हच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेच्या, शेपटीतला रंगवलेला भाग म्हणजे काय हे शब्दांत सांगता येतं, पण बोटाने चाचपल्यावर लवकर कळतं. यासाठी फुगणारा कागद मिळतो. त्यावर सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. काळ्या शाईने आकृती काढून कागद खास यंत्रातून गरम केला की काळा भाग उष्णता जास्त शोषतो आणि तेवढाच वर उचलला जातो. मूलभूत आकृत्या अशा करून घेतल्या. आकृतीत गर्दी नको, हे पहिल्याच कागदावर कळलं; जाळीच्या बारीक रेघांमुळे वक्ररेषा बोटाला सापडेना.

प्रत्येक हिस्टोग्रामसाठी, म्हणजे स्तंभांच्या आलेखासाठी, कागद फुगवत बसणं मात्र शक्य नव्हतं. आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला वापरायचं सॉफ्टवेअर माउसने मेनू निवडत चालवायचं होतं. स्क्रीन रीडरला त्यातली निम्मी बटणं ओळखू येत नव्हती. तिने तीच उदाहरणं आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकीय भाषेत केली. आरमध्ये आज्ञा टाइप करायच्या, उत्तर मजकुरात येतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले जोनाथन गॉडफ्री हे स्वतः अंध संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आरसाठी ब्रेलआर नावाचं पॅकेज बनवलं आहे. हिस्टोग्राम काढून त्याला ते लावलं की किती स्तंभ आहेत, प्रत्येकाचा मध्य कुठे, त्यात किती निरीक्षणं, हे वाक्यांत येतं. त्यावरून वितरण कुठल्या बाजूला कलतंय हे तिने स्वतः सांगायचं. अंध माणूस संख्याशास्त्र कसं करेल, या प्रश्नाचं उत्तर एका कार्यरत संख्याशास्त्रज्ञाने आधीच लिहून ठेवलं होतं. विभागात ते कोणाला ठाऊक नव्हतं याचं मला वाईट वाटतं.

वर्गात सरांनी फळ्यावर लिहिताना बोलायला सुरुवात केली. "हे इकडे घ्या, यातून हे वजा करा" याऐवजी "डाव्या बाजूचा म्यू उजवीकडे घ्या" असं. पहिले काही तास ते विसरायचे, मग पहिल्या बाकावरची मुलं आठवण करू लागली.

परीक्षा

लेखनिकाच्या नियमात एक पेच असतो. लेखनिक परीक्षार्थीच्या विषयातला नसावा, म्हणजे तो उत्तर सुचवणार नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो. भाषा-इतिहासात तो चालतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ होतो की सिग्मा कसा काढतात हे माहीत नसलेला माणूस तुमचा पेपर लिहिणार. चाचणीत तेच झालं होतं. ती "एक्स बार" म्हणाली, लेखनिकाने अक्षरांत एक्स-बी-ए-आर लिहिलं. ती खोडून सांगत बसली, आणि जादा मिळालेला वेळ त्यातच गेला. न वाचता येणाऱ्या पेपरला आणि न लिहिता येणाऱ्या उत्तराला कितीही मिनिटं वाढवून दिली तरी ती पुरत नाहीत.

सत्रपरीक्षेसाठी वेगळं ठरलं. प्रश्नपत्रिका त्याच वेबपानाच्या स्वरूपात, इंटरनेट बंद असलेल्या संगणकावर. उत्तरं ती स्वतः टाइप करणार, सूत्रं एका ओळीत आधी ठरवलेल्या चिन्हांनी. चिन्हांची एक पानी यादी सरांनी आणि तिने मिळून केली आणि ती परीक्षकाला दिली. वेगळी खोली, दीडपट वेळ. संगणक बंद पडला तर हाताशी एक लेखनिक, आणि त्याला नेमेथ यांच्या पद्धतीच्या धर्तीवर "अपूर्णांक सुरू, अपूर्णांक समाप्त" असे बोलण्याचे नियम आधी तासभर समजावलेले. त्याची गरज पडली नाही, पण त्या तासामुळे ती निर्धास्त होती.

वाद झाला तो नॉर्मल तक्त्यावरून, म्हणजे नॉर्मल कर्व्हखालच्या संभाव्यतांच्या तक्त्यावरून. इतरांना छापील तक्ता बघून संभाव्यता काढायची होती. तिला आरमधली आज्ञा वापरू द्यायची का? परीक्षा विभागाला तो अन्याय्य फायदा वाटला. सरांनी मांडलेला मुद्दा मला पटतो: हा प्रश्न तक्ता बघता येतो का हे तपासत नाही, कोणती संभाव्यता काढायची आणि तिचा अर्थ काय हे तपासतो. तरी त्यांनी मधली वाट काढली. पूर्ण तक्ता स्प्रेडशीटमध्ये दिला, तिने रांग आणि स्तंभ शोधून आकडा घ्यायचा. आलेख काढण्याचा एक प्रश्न बदलून आलेखाचं वर्णन देऊन निष्कर्ष विचारला. सिद्धतेचा प्रश्न मात्र वगळायला सरांनी नकार दिला, आणि तिनेही ती मागणी केली नव्हती. वाजवी सोयीने परीक्षेची वाट बदलते, परीक्षा कशाची आहे ते बदलत नाही. त्या प्रश्नातून अवघड भाग काढून टाकला असता तर तिच्या पदवीकडे पुढे कोणीतरी बोट दाखवलं असतं.

ती पास झाली, वर्गातल्या मधल्या गुणांनी. मागे राहिलेल्या तीनपैकी दोन युनिट तिने भरून काढले; तिसऱ्यावरचा मोठा प्रश्न तिने सोडून दिला. गुणपत्रिकेत एवढंच दिसतं. पहिले दोन महिने तिला नोट्सच वाचता आल्या नव्हत्या, हे त्यात दिसत नाही.

जे सुटलं नाही

दिवसभर कानाने वाचून, मग तास ऐकून, मग पुन्हा रात्री ऐकून येणारा थकवा वेगळाच असतो. त्यासाठी तिला अभ्यासक्रम थोडा पसरून, एक विषय पुढच्या सत्रात घेऊन करायचा होता. तशी तरतूद होती, पण तसं केलं तर तिची शिष्यवृत्ती थांबली असती, कारण शिष्यवृत्तीला पूर्णवेळ नोंदणी लागते. कक्ष, विभाग आणि शिष्यवृत्ती देणारी यंत्रणा यांत याचा निर्णय कोणाचा, हेच ठरलं नाही. तिने सगळे विषय घेतले.

पांढरी काठी घेऊन चालण्याचं प्रशिक्षण विद्यापीठात नव्हतं. दृष्टी जात असताना मनावर जे ओझं असतं त्यासाठी समुपदेशक होते; ती एकदाच गेली, कारण भेटीची वेळ प्रात्यक्षिकाच्या तासावर यायची. दुसऱ्या एका विषयाच्या शिक्षकांनी मूळ फाइल शेवटपर्यंत दिली नाही, कारणही सांगितलं नाही. त्या विषयाची सूत्रं ती अजून मैत्रिणीकडून वाचून घेते.

सहाय्य कक्षाने आता फॉर्मला एक पान जोडलं आहे: विद्यार्थी मजकूर कसा वाचतो, कसा लिहितो, मागच्या सत्रापासून काय बदललं. सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी, विद्यार्थ्याच्या संमतीने, कक्षाचंच पत्र थेट शिक्षकांना जातं. त्यात नोट्सची मूळ फाइल ग्रंथालयाला देण्याची विनंती असते आणि लपवलेल्या ओळी काढून टाकून कशा द्यायच्या हेही लिहिलेलं असतं. निरोप पोहोचवण्याचं काम निदान कागदावर तरी विद्यार्थ्याकडून कक्षाकडे आलं. तिसऱ्या वर्षासाठी पाच शिक्षकांना पत्रं गेली आहेत, तिघांच्या फाइली आल्या आहेत. एकांनी कळवलंय की त्यांच्या नोट्स वीस वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित आहेत. त्या टाइप करायचं मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं, याची फाइल सध्या विभागप्रमुखांकडे सहीसाठी आहे.